कराचीवहिनींची हद्द

पुणे शहर नेमकं संपतं कुठे, हे कुणालाही विचारून बघा. रिक्षावाला म्हणेल, जिथून पुढे तो येत नाही तिथे. पेठेतला माणूस म्हणेल, लकडी पूल ओलांडला की संपलंच. खरं उत्तर आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत राहणाऱ्या कराचीवहिनींना तेवढं ठाऊक होतं, आणि तेही वीतभर इकडेतिकडे न होता. "कात्रजच्या बोगद्याचं अलीकडचं तोंड माझं, पलीकडचं सरकारचं," असं त्या म्हणायच्या. बोपोडीचा पूल त्या अर्धाच चालायच्या. वारज्याच्या पुढे हायवेला एका टायरवाल्याचं दुकान होतं, त्याच्याशी त्यांची चांगली ओळख होती, कारण तिथपर्यंत जाऊन त्या परत फिरायच्या. घरात चारचाकी नाही, टायरचं काम नाही, तरी ओळख.

कारण साधं होतं. वहिनींचा पासपोर्ट हिरवा होता. जन्म कराचीचा, सासर पुण्याचं. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर त्या इथे राहत होत्या आणि त्या व्हिसावर एकाच शहराचं नाव होतं. शहराबाहेर पाऊल टाकायचं तर अर्ज करायचा, कारण लिहायचं, वाट बघायची. एकदा सोसायटीची महाबळेश्वरची सहल ठरली. वहिनींनी महिनाभर आधी अर्ज केला. परवानगी आली तेव्हा आमच्या फ्रीजमधल्या स्ट्रॉबेऱ्यासुद्धा संपल्या होत्या.

कराचीत मराठी माणसं आहेत, हे ऐकून तुमच्या भुवया वर गेल्या असतील. माझ्याही गेल्या होत्या. त्यांचे आजोबा राजापूरकडचे. बंदरावर काम मिळालं म्हणून बोटीने कराचीला गेले, तेव्हा सगळा एकच मुलूख होता. मग मध्ये रेघ आली. आजोबा म्हणाले, सुट्टी मिळाली की जाऊ गावी. ती सुट्टी काही त्यांना मिळाली नाही. पुण्यातल्या नातेवाइकांशी पत्रापत्री मात्र टिकून राहिली, आणि त्या पत्रांतूनच दिलीपभाऊंचं स्थळ ठरलं. दिलीपभाऊ मार्केट यार्डात वजनकाटे दुरुस्त करायचे. तोंडाने अबोल आणि मनाने सोनं, असा माणूस. वहिनी आई आणि भावाबरोबर वाघा सीमेच्या फाटकातून चालत आल्या, लग्न झालं, आणि पंधरा दिवसांनी आई आणि भाऊ त्याच फाटकातून परत गेले. या गोष्टीला वीस वर्षांहून जास्त काळ झाला.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे सगळी सोसायटी मला बाई म्हणते आणि थोडी घाबरते. वहिनी घाबरायच्या नाहीत. त्यांचं मराठी ऐकून माझ्यातल्या बाईला घेरी यायची. आजीचं कोकण आणि कराचीचं उर्दू त्यात गुण्यागोविंदाने नांदत होतं. "बाई गो, जरा इंतजाम करा, मी आलेच," असं दारातून ओरडून त्या जिना उतरायच्या. कसला इंतजाम, ते सांगायच्याच नाहीत. मी सुरुवातीला चुका काढल्या. मग माझ्याच तोंडात 'खैर' बसलं. मुख्याध्यापिकांसमोर एकदा मी 'खैर, होऊ दे' म्हटलं आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

या बाईला एका जागी बसलेलं मी पाहिलं नाही. चहा उभ्याने, गप्पा उभ्याने. बुद्धपौर्णिमेला मी खीर करते, ती वाटी हातात घेऊन त्या आमच्या स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारातून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारत खायच्या. "अहो बसा की वहिनी, खुर्ची चावते का?" असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसून काय करू, अंडी उबवू?" आमचे हे म्हणायचे, "यांच्यासाठी फरशी वेगळी लावून घेऊ या, झिजतेय." घरातलं काम आवरलं की त्या पीएमटी पकडायच्या. काम काही नाही. वाघोलीकडे जाणारी बस घ्यायची, हद्दीच्या एक थांबा अलीकडे उतरायचं, रस्त्याकडे बघत दहा मिनिटं उभं राहायचं आणि परतीची बस धरायची. "पाय मोकळे करून आले," म्हणायच्या. बसमध्ये बसून पाय कसले मोकळे होतात, ते त्यांनाच माहीत.

आणि प्रत्येक गोष्ट विचारून करायची सवय. सुरुवातीला मला वाटायचं, नम्र बाई आहे. मग लक्षात आलं की तो नम्रपणा नव्हताच. वर्षानुवर्षं टेबलापुढे उभं राहून 'जाऊ का' विचारायचं, म्हणजे ते अंगात मुरतंच. भाजीत गूळ घालू का, हे दिलीपभाऊंना विचारायच्या. तुमच्या गॅलरीत चादर टाकू का, हे मला. मंडईत एकदा भाजीवालीला विचारलं, "ही जुडी घेऊ का?" ती म्हणाली, "नाही, नुसती बघायला ठेवलीय. तिकीट काढा." मी खो खो हसले. वहिनीही हसल्या, पण जुडी मात्र ती बाई 'घ्या' म्हणेपर्यंत उचलली नाही.

त्यांची नणंद चिंचवडला राहायची. व्हिसाचं शहर म्हणजे पोलिसांच्या हद्दीतलं शहर; पूर्वी तिकडचे पोलिसही पुण्याच्याच आयुक्तांच्या हाताखाली होते, त्यामुळे वहिनींचं जाणं-येणं होतं. मग तिकडे वेगळं आयुक्तालय झालं. लोक म्हणाले, बरं झालं, गुन्हेगारी कमी होईल. वहिनी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझी नणंद परदेशात गेली हो." त्यानंतर नणंदेला भाऊबीजेला इकडे यावं लागायचं, आणि तीही टोमणे मारायची, की वहिनींना काय, एका नदीपलीकडे येववत नाही.

या सगळ्या धडपडीच्या तळाशी एकच गोष्ट होती: आई. दर रविवारी सकाळी कराचीहून फोन यायचा आणि म्हातारी पहिलं वाक्य एकच बोलायची, "कधी येतेस?" वहिनींना जायचं होतं. पण हिरव्या पासपोर्टवर गेलं आणि मधेच दोन्ही सरकारांचं बिनसलं, तर फाटक बंद. मग इकडे केतकी, त्यांची एकुलती एक लेक, आईविना. म्हणून वहिनींनी मनाशी पक्कं केलं होतं, की आधी इथलं नागरिकत्व घ्यायचं, म्हणजे पोरीपासून कुणी तोडणार नाही, आणि मग आईला भेटायला जायचं. मी म्हटलं, "नागरिकत्व मिळालं आणि तिकडचा व्हिसाच मिळाला नाही तर?" तर म्हणाल्या, "तेव्हा तिकडच्या टेबलापुढे उभी राहीन. मला सवय आहे." आईला एकदा भेटायचं आणि लेकीकडे परत यायचं. दोन्ही हवं होतं. त्यातलं एकच मिळून चालणार नव्हतं.

अर्ज गेला होता, पुढेही सरकत होता. आणि तिथे मी माती खाल्ली.

झालं असं. शहराच्या कडेची कितीतरी गावं महापालिकेत घेतल्याची बातमी आली. सगळीकडे कपाळाला आठ्या. गावातले लोक म्हणत कर वाढणार, शहरातले म्हणत पाणी कमी होणार. अख्ख्या पुण्यात पेढे वाटले ते एकट्या कराचीवहिनींनी. वर्तमानपत्रातली गावांची यादी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. एकेका नावावर बोट ठेवत होत्या. "बाई, माझा मुलूख वाढला! आणि हे बघा, खडकवासला!" कराचीच्या बाईला पुण्यात एकाच गोष्टीची चणचण होती, पाण्याची. प्यायच्या नव्हे, बघायच्या. समुद्रावर वाढलेल्या बाईला मुठेतलं पाणी दाखवणं म्हणजे तिचा अपमान करण्यासारखंच.

वहिनींनी शंका काढली होती, हे मला प्रामाणिकपणे सांगितलंच पाहिजे. "पण बाई, चौकी कुणाची तिथे? शहराची की ग्रामीणची?" नणंद परदेशात गेलेल्या बाईला पोलिसांची हद्द आणि महापालिकेची हद्द यातला फरक कळत होता. कळत नव्हता तो मला. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "अहो, तीस वर्षं महापालिकेचं मीठ खाल्लंय. गाव महापालिकेत आलं की चौकी मागोमाग येतेच. चला, बसा मागे." त्यांना ते पटायचंच होतं. त्यांनी चपला घातल्यासुद्धा.

अ‍ॅक्टिव्हावरून सिंहगड रस्त्याने गेलो. नांदेड फाट्याच्या पुढे त्यांनी माझा खांदा जो घट्ट धरला, तो धरण दिसेपर्यंत सोडला नाही. रविवार होता. धरणाच्या कडेला ही गर्दी, कणसं भाजण्याचा धूर, गाड्यांची रांग. वहिनींनी काही बघितलं नाही. पाण्याच्या कडेला गेल्या आणि काय सांगू, चक्क खाली बसल्या. मातीत. पदर सावरायचं भान नाही. कणीस विकणारी एक म्हातारी म्हणाली, "काय झालं गं बाय, चक्कर आली का?" वहिनी म्हणाल्या, "न्हाई हो मावशी. बरी हाय." तिच्यासारखंच बोलल्या. परत येताना वाटभर गात होत्या. मलाही कोण अभिमान! वाटलं, सरकारला जमलं नाही ते मी करून दाखवलं.

तीन महिन्यांनी नागरिकत्वाच्या चौकशीसाठी त्यांना पोलीस आयुक्तालयातून बोलावणं आलं. सोबत मी गेले होते. साहेब भला माणूस होता, वहिनींना बरीच वर्षं ओळखत होता. कागद उलटत त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "मधल्या काळात विनापरवाना हद्दीबाहेर गेला नाहीत ना?" वहिनी म्हणाल्या, "नाही साहेब. खडकवासल्याला गेले होते, पण ते आता आपल्यातच आलं ना?" साहेबाने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "अहो ताई, महापालिकेत आलंय. आमच्यात नाही आलेलं. कशाला सांगितलंत?" मी मधे तोंड घातलं, की चूक माझी आहे, मीच घेऊन गेले. तो म्हणाला, "मॅडम, आता तुम्हीही बोलू नका. एकदा माझ्यासमोर बोलल्या म्हणजे मला लिहावं लागतं."

त्याने लिहिलं. फाइल वर गेली, शेरा घेऊन खाली आली. खुलासा मागितला, खुलासा दिला, पुन्हा वर गेली. असं दोन-अडीच वर्षं चाललं. ज्या दिवशी फाइल परत आल्याचं कळायचं, त्या दिवशी मला जेवण जायचं नाही. मी चिडखोर बाई आहे, चूक कबूल करणं माझ्या रक्तात नाही. पण वहिनींपुढे मी एकदा हात जोडले. त्या म्हणाल्या, "उगी राहा हो. पाणी मात्र झकास होतं." असं म्हणून फेऱ्या मारायला लागल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग कराचीत आई न्हाणीघरात पडली. खुबा मोडला, अंथरुणाला खिळली. रविवारच्या फोनवर 'कधी येतेस' बंद झालं. म्हातारी नुसती ऐकायची. वहिनींनी पंधरा दिवस घरात फेऱ्या मारल्या आणि सोळाव्या दिवशी जाहीर केलं, की नागरिकत्व गेलं खड्ड्यात, मी जाते. परतीच्या व्हिसाचा अर्ज केला. मी रोज त्यांच्याबरोबर जायचे. या खेपेला तोंड उघडलं नाही, नुसती बाकावर बसून राहायचे. परवानगी मिळाली. जाऊन ठरावीक दिवसांत परत यायचं.

पुणे स्टेशनवर आम्ही पोहोचवायला गेलो. पिशवीत आमसुलं होती, म्हातारीला हवी होती. केतकी रडत होती, दिलीपभाऊ पाण्याची बाटली भरायला गेले ते गाडी हलायच्या वेळी आले. वहिनी दारातच उभ्या. वीस वर्षांनी ही बाई पुण्याबाहेर पडत होती, रीतसर. दर दोन तासांनी मला फोन. "बाई, मनमाड!" "बाई, भुसावळ!" "बाई, नर्मदा केवढी आहे हो!" शेवटी मी म्हटलं, "अहो, माझा नकाशाचा तास चाललाय का? झोपा जरा." म्हणाल्या, "झोपायला काय, पुण्यात झोपतेच की."

आई भेटली. लेकीला तिने ओळखलं. आमसुलाचं सार प्यायली. पहिले तीन आठवडे वहिनींच्या आवाजात असं काही होतं, की तो ऐकूनच मी सुखावायचे. मला वाटलं, सुटले बाई मी एकदाची. माझ्या चुकीने काही अडलं नाही.

चौथ्या आठवड्यात दोन देशांचं बिनसलं. कसं, ते तुम्हाला माहीत आहे, मी सांगायला नको. फाटक बंद होणार, ज्याने-त्याने आपापल्या घरी जा, असं दोन्हीकडून सांगण्यात आलं. वहिनींनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं, पिशवी उचलली आणि लाहोरची गाडी धरली. इकडून दिलीपभाऊ आणि केतकी फाटकाच्या अलीकडच्या अटारीला निघाले. फाटकापाशी पोहोचल्यावर कळलं, की भारताचा पासपोर्ट असलेल्यांना सोडतायत. हिरवा असलेल्यांनी बाजूला थांबायचं. परतीचा व्हिसा? तोही बघू, वरून कळलं की सांगू. उन्हात, रस्त्याच्या कडेला, पन्नासेक बायका. नवरे अलीकडे, बायका पलीकडे. केतकी मला फोनवर म्हणाली, "काकू, आईकडे इथला पासपोर्ट असता तर ती आत्ता आत असती." तिला काय माहीत ती काय बोलून गेली. मी फोन बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. दुपारी एक ते चार पुण्यात कुणी कुणाला फोन करत नाही, त्यामुळे हातातलं टाकून धावले. वहिनी होत्या. म्हणाल्या, "बाई, यादी आलीय. परतीचा व्हिसा असलेल्यांना आत घेतायत. तासाभरात माझं नाव पुकारतील." मी 'अरे वा' म्हणेपर्यंत पुढे बोलल्या, "आणि भावाचा फोन आला. आईची शुद्ध गेलीय. डॉक्टर म्हणतात, एखादा दिवस. काय करू?"

मी म्हटलं, "मला काय विचारता वहिनी? दिलीपभाऊंना विचारा."

"ते 'ये' म्हणणार. भाऊ 'परत फिर' म्हणणार. तुमचं यात काही नाही, म्हणून तुम्ही सांगा."

माझं काही नाही! खडकवासल्यापासून माझ्या पोटात जे होतं, ते यांना दिसलंच नव्हतं की दिसून न दिसल्यासारखं केलं होतं, देव जाणे. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "या. सरळ इकडे या. पोर तीन दिवस उन्हात उभी आहे. आईला तुम्ही भेटलात, तिने तुम्हाला पाहिलं, तिचं समाधान झालं. आता आत या."

"बरं, बाई," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी लगेच दिलीपभाऊंना कळवलं, की येतायत. त्यांनी केतकीला सांगितलं. पोरीने केस विंचरले, तोंड धुतलं. एकेक बाई आत येत होती, इकडे मिठ्या, रडारड. वहिनींचं नाव दोनदा पुकारलं म्हणे. सगळ्यात शेवटी एक अनोळखी बाई केतकीला शोधत आली आणि वहिनींची पिशवी तिच्या हातात देऊन म्हणाली, "बेटा, तेरी माँ वापस गयी. बोली, किसी से पूछा नहीं."

विचारलं नाही? विचारलं तर होतं! मला विचारलं होतं! मी त्या दिवशी इतकी संतापले, की आमचे हे दोन तास खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. वीस वर्षं भाजीत गूळ घालू का म्हणून विचारणारी बाई, आणि जन्मात एकदा न ऐकायचं ठरवलं ते नेमकं कधी! माझ्या शब्दावर पोरीने केस विंचरले होते हो.

पुढचं ऐका. वहिनी कराचीला पोहोचल्या. आईच्या उशाशी बसल्या. आणि म्हातारी गेली नाही! आठव्या दिवशी डोळे उघडले. पंधराव्या दिवशी उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "तू अजून इथेच? पोर एकटी आहे ना तिकडे? जा." तोवर फाटकाला कुलूप लागलेलं, परतीच्या व्हिसाची मुदत संपलेली. ही बातमी ऐकून मी हसले की रडले, आठवत नाही. बहुतेक दोन्ही. चांगली बातमी होती, आणि ती देताना दिलीपभाऊंचा चेहरा बघवत नव्हता.

केतकी दोन महिने आईशी बोलली नाही. मी बोलले. म्हणजे भांडले. "वहिनी, मी 'या' म्हटलं होतं." त्या म्हणाल्या, "हो. तुम्ही 'या' म्हणालात आणि मी 'बरं' म्हटलं. आणि बरं म्हणता म्हणता कळलं, की मला जायचंय. तुम्ही 'जा' म्हणाला असतात, तर कदाचित आत आले असते." मग म्हणाल्या, "बाई, चुकलं असेल. पण माझं मी चुकले." तिसऱ्या महिन्यात पोरीनेच आपणहून फोन लावला.

आज वर्ष होऊन गेलं. फाटक बंद आहे. समोरचा फ्लॅट दिवसा बंद असतो. आमच्या स्वयंपाकघरात आता कुणी फेऱ्या मारत नाही. मला ते सहन होत नाही, म्हणून कधी कधी मीच चहाचा कप घेऊन इकडून तिकडे चालते.

केतकीचं लग्न ठरलं आहे. तिच्याच ऑफिसातला मुलगा, वारज्याचा, शेतकरी घरातला. ती म्हणत होती, आई आल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. मुलाकडचे समजूतदार आहेत, थांबतो म्हणाले, पण फाटक उघडायची तारीख त्यांना कुणी सांगायची? गेल्या रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

"बाई, लग्न पुढे ढकलायचं नाही. केतकीशी बोललेय मी. दिलीपना एकट्याला कन्यादानाला बसवायचं नाही. तुम्ही दोघं नवरा-बायको बसा."

मी उडालेच. "अहो, काहीतरीच काय? आमच्यात हे नसतं. आमच्या घरात बुद्धाचा फोटो, तुमच्या मांडवात मी कुठे? आणि तुमचे भटजी काय म्हणतील? त्यांना विचारलंत का?"

"नाही विचारलं."

"मुलाकडच्यांना?"

"त्यांनाही नाही. आणि बाई, तुम्हालाही विचारत नाहीये. सांगतेय."

मागून म्हातारीचा आवाज येत होता, कुणाला तरी सार आणायला सांगत होती. मी एवढ्या वर्षांत कुणाचं मुकाट्याने ऐकलेलं नाही, मुख्याध्यापिकांचं नाही की आमच्या ह्यांचं नाही. "बरं," मी म्हटलं.

लग्न येत्या रविवारी आहे. त्या पाटावर मला बसायचं नाही. ती जागा माझी नाही, जिची आहे तिला तिथे पोहोचता येत नाही, आणि त्यात माझा वाटा आहे, हे मी जाणून आहे. तरी बसणार आहे. केतकीचा हात त्या मुलाच्या हातात मीच देणार आहे.